गुरूवाचून विद्या

गोरोबा कुंभारांच्या घरी जमलेल्या संतमंडळीत नामदेवांचे मडके कच्चे ठरले, ही कथा महाराष्ट्रात इतकी परिचित आहे की तिच्यातील अडचणीचा भाग आपल्या ध्यानातच येईनासा झाला आहे. ज्याच्याशी पांडुरंग प्रत्यक्ष बोलत असे, ज्याच्या हातचा नैवेद्य देवाने ग्रहण केला होता, त्या नामदेवांच्या भक्तीत उणीव होती असे कोणी म्हटले नाही. त्यांना गुरू नव्हता, एवढाच त्यांच्यावरील आरोप. पुढे ते विसोबा खेचरांकडे गेले व ती उणीव भरून निघाली, असे कथा सांगते आणि आपणही मान डोलावून मोकळे होतो. परंतु साध्य स्वतः चालत येऊन ज्याच्या दारी उभे राहिले त्याला साधन दाखविणाऱ्याची गरज कोणती, हा प्रश्न उरतोच, आणि तो केवळ अध्यात्मापुरता उरत नाही. कोणतीही विद्या ग्रंथांच्या आधारे, स्वतःच्या खटपटीने, कोणाच्याही पायाशी न बसता संपादन केली तर तिला विद्या म्हणावे की नाही, याविषयी आपल्या परंपरेने जी साशंकता पिढ्यान्‌पिढ्या बाळगली आहे तिचे मूळ कशात आहे, हे एकदा पाहावे असे मला अलीकडे वाटू लागले. त्याला निमित्त झाली डच भाषा.

उतारवयात परकी भाषा शिकावयास बसणे हा आमच्या स्नेह्यांच्या मते छंदिष्टपणाचा प्रकार आहे, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढण्यास मजजवळ फारसा पुरावाही नाही. वेंगुर्ल्यास डचांची जी वखार पडक्या अवस्थेत उभी आहे तिच्या जुन्या दप्तरात डोकवावे, अशी इतिहाससंशोधकाची हौस मला नव्हती. व्यापाराचा किंवा प्रवासाचा हेतूही नव्हता. कारण होते भर्तृहरी. मद्रासेच्या उत्तरेस पुलिकत येथे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत धर्मोपदेशक म्हणून राहिलेल्या अब्राहम रोजेरियस नावाच्या गृहस्थाने तेथील ब्राह्मणांच्या आचारविचारांवर एक ग्रंथ लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १६५१ मध्ये, लायडन येथे छापला गेला, आणि त्याला भर्तृहरीच्या नीती व वैराग्य या दोन शतकांचे डच गद्य रूपांतर जोडलेले आहे. पद्मनाभ नावाच्या ब्राह्मणाने श्लोकांचा अर्थ पोर्तुगीज भाषेत सांगावा आणि रोजेरियसाने तो आपल्या भाषेत उतरून घ्यावा, अशी त्या दोघांची तजवीज होती. विल्यम जोन्सने शाकुंतल इंग्रजीत आणले ते १७८९ मध्ये. त्याच्या जवळजवळ एकशे चाळीस वर्षे आधी संस्कृत कवीचे वचन युरोपच्या एका भाषेत पोहोचले होते, आणि ती भाषा डच होती. भर्तृहरी तेथे कोणत्या वेषात पोहोचला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, एवढीच माझी इच्छा. रोजेरियसाला पद्मनाभ लाभला होता. मजजवळ एक प्रवेशिका, एक कोश आणि स्वतः रोजेरियस, एवढीच सामग्री होती.

मराठी माणसाला डच भाषा वाटते तितकी परकी नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. नामांना लिंगे आहेत, दोनच आहेत, आणि कोणत्या नामाला कोणते हे ठरविणारा भरवशाचा नियम नाही. इंग्रजीच्या वळणाने जाणाऱ्या विद्यार्थ्याला हा अन्याय वाटतो, पण ज्याच्या मातृभाषेत भिंत ती, दरवाजा तो आणि घर ते असते त्याने याविषयी तक्रार करू नये हे बरे. समोरच्याला कोणत्या सर्वनामाने संबोधावे याचा विवेक आपल्याकडे आहे तसा तेथेही आहे. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाऊन बसते, तेही आपल्या अंगवळणी पडलेले. खरी गंमत आहे ती उपसर्गांची. ‘ऑपस्तान’ म्हणजे उठणे. यातील ‘स्तान’ हा आपल्या ‘स्था’ धातूचाच भाऊबंद आणि ‘ऑप’ हा उपसर्ग. पण ‘मी सहा वाजता उठतो’ असे म्हणावयाचे झाले की धातू वाक्याच्या दुसऱ्या स्थानी येतो, उपसर्ग त्याच्यापासून फुटून वाक्याच्या अगदी टोकाला जातो, आणि मधल्या जागेत वेळ, स्थळ, कारण, जे काही सांगावयाचे असेल ते सर्व सामावते. पाणिनीने उपसर्ग धातूच्या पूर्वी यावा असे सांगून वेदापुरती मोकळीक ठेवली आहे: तेथे तो धातूच्या नंतरही येतो, मध्ये अन्य शब्दांचे व्यवधान ठेवूनही येतो. जी सवलत आपल्याकडे ऋषींबरोबर संपली ती आम्स्टरडॅमचा वाणी पहाटे उठल्याची हकिकत सांगताना रोज उपभोगतो, हे पाहून मला मौज वाटली. नवशिक्याला मात्र याचा अर्थ एवढाच की पूर्णविराम येईपर्यंत काही कळले असे समजू नये. मीमांसक जिला आकांक्षा म्हणतात ती येथे तत्त्वचर्चेतील संज्ञा राहत नाही. वाक्याच्या मध्यभागी श्वास रोखून बसणे, हे तिचे रूप.

व्याकरण पुस्तकातून येते, शब्द कोशातून येतात. त्या भाषेतील ‘ग’ हा वर्ण घशाच्या तळातून खरवडून काढावा लागतो असे वर्णन प्रवेशिकेत वाचता येते, व एकांतात त्याचा प्रयोगही करता येतो. परंतु काही काळाने एक गोष्ट ध्यानात येऊ लागते: पुस्तक कधीच हरकत घेत नाही. आपण वाक्याचा भलताच अर्थ लावला तरी ते तितक्याच शांतपणे उघडे राहते. बरोबर लावला तरी त्याच्या मुद्रेत पालट होत नाही. कोश शब्दाचे सहा अर्थ पुढे ठेवतो, पण त्यांतला हा येथे नव्हे असे म्हणण्याची त्याची प्राज्ञा नाही.

भाषा मुळात कशी येते, याचा विचार आपल्याकडील शास्त्रकारांनी केला आहे तो फार सूक्ष्म आहे. मीमांसक एक दृश्य उभे करतात. एक वडीलधारा दुसऱ्याला म्हणतो, ‘गाय आण’; दुसरा उठतो आणि गाय आणतो; जवळ उभे असलेले मूल हे पाहते. मग आज्ञा होते, ‘गाय बांध’. मग, ‘घोडा आण’. वाक्यातील एक शब्द निघून दुसरा आला की घडणाऱ्या कृतीचा कोणता अंश बदलतो हे पाहत पाहत, या आवापोद्वापाच्या रीतीने, ते मूल शब्द आणि अर्थ यांची गाठ बांधीत जाते. शब्द आपापला अर्थ आधी सांगतात आणि मग त्यांचा अन्वय होतो, की अन्वित झालेल्या अर्थालाच शब्द स्पर्श करतात, यावर कुमारिल आणि प्रभाकर यांचे पंथ जन्मभर भांडले. पण हे दृश्य दोघांनाही मान्य. नैयायिकांनी शब्दशक्ती कळण्याचे व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य असे आठ मार्ग मोजले, आणि त्यांत मुख्य मान या वृद्धव्यवहारालाच दिला.

आता या दृश्यात गुरू कोठे आहे? आज्ञा देणारा मुलाला शिकवीत नाही, त्याला गाय हवी आहे. ती आणणाराही शिकवीत नाही, तो सांगितलेले काम करतो. मूल त्या व्यवहारात सर्वस्वी तिऱ्हाईत आहे. त्याच्याकडे कोणाचे लक्ष नाही, त्याच्याकरिता कोणी वाक्य सोपे केलेले नाही. ज्या परंपरेने गुरूवाचून विद्या नाही असा डिंडिम वाजविला तिनेच, सर्व विद्यांना जिच्यावाचून पाऊल टाकता येत नाही ती पहिली भाषा प्रत्येक मनुष्य गुरूवाचून शिकतो, असा कबुलीजबाब शास्त्रार्थाच्या भरात देऊन ठेवला आहे. मात्र त्या मुलाजवळ एक वस्तू होती जी माझ्या खोलीत नव्हती. तेथे खरोखरीची गाय आणली जात होती.

ही गाय मला सापडली ती हॉलंडात नव्हे, जपानात.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून जपानने युरोपीय लोकांना देशाबाहेर ठेवले होते. अपवाद एकट्या डचांचा, आणि तेही १६४१ पासून नागासाकीच्या बंदरातील देशिमा नावाच्या एका चिमुकल्या कृत्रिम बेटावर जवळजवळ नजरकैदेत. त्यांच्याशी बोलण्याचा अधिकार दुभाष्यांच्या काही घराण्यांकडे वंशपरंपरेने चालत आलेला होता. वतन म्हणावे असाच तो प्रकार. शोगुनच्या राजधानीत, म्हणजे आज ज्याला तोक्यो म्हणतात त्या एदो नगरीत, डच भाषा जाणणारा मनुष्य मिळणे दुरापास्त. डच वखारीचा प्रमुख शोगुनला नजराणा देण्यासाठी एदोला येई तेव्हा जिज्ञासू वैद्य त्याच्या मुक्कामी जात. अशाच एका भेटीत, १७६६ च्या सुमारास, माएनो र्‍योताकू व सुगिता गेन्पाकू या दोन वैद्यांनी निशी झेन्झाबुरो नावाच्या मुरलेल्या दुभाष्याला, आम्हांला डच शिकता येईल काय, असे विचारले. त्याचे उत्तर निराशेचे होते, पण त्याने दिलेले कारण कोणत्याही मीमांसकाने टिपून ठेवावे असे आहे. पेला ओठांशी नेऊन पिण्याला काय म्हणतात हे विचारता येईल. पण मद्य आवडणे याला काय म्हणतात, हे कोणत्या हावभावाने विचारणार? मद्य पिणारा आवडीने पीत असो वा नावडीने, हाताची हालचाल एकच. व्यवहाराला कृती दाखविता येते, मनाचा कल दाखविता येत नाही. आणि हे दुभाष्यांच्या मुलाबाळांनाही अवघड जाते, ते डचांपासून दूर राहणाऱ्या तुम्हांला कसे साधणार? सुगिताला हे पटले व त्याने नाद सोडला. माएनोला पटले नाही. त्याने आधी आओकी कोन्यो नावाच्या पंडिताकडे प्रारंभिक धडे घेतले (हाच तो गृहस्थ, ज्याने जपानात दुष्काळावर तोड म्हणून रताळ्याच्या लागवडीचा प्रसार केला; विद्वान लोक कधीकधी उपयोगाचेही काम करतात), मग तो नागासाकीला गेला, आणि काही शे शब्द व एक ग्रंथ घेऊन परतला.

तो ग्रंथ होता योहान आदाम कुल्मुस या जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या शारीर-आकृतींचा, १७३४ मध्ये निघालेला डच अनुवाद. त्याचीच एक प्रत सुगिताच्या हाती लागली, व स्वतःला ती परवडत नसल्याने त्याच्या जहागिरीच्या खजिन्यातून तिची किंमत देण्यात आली. त्याला त्यातील एकही अक्षर वाचता येत नव्हते. चित्रे मात्र दिसत होती, आणि ती चिनी वैद्यकाच्या ग्रंथांतील चित्रांशी कोठेच जुळत नव्हती. १७७१ च्या वसंतात एदोच्या वधस्थानी एका देहान्त शिक्षा झालेल्या स्त्रीच्या शरीराचे विच्छेदन पाहण्याची परवानगी वैद्यांना मिळाली. सुगिता आपली प्रत घेऊन गेला. माएनोनेही कनवटीतून एक पुस्तक काढले. ते तेच निघाले.

देह उघडणारा मनुष्य नव्वदीचा म्हातारा होता, तिकडे अस्पृश्य गणल्या गेलेल्या वर्गातला. मृतदेहाला हात लावण्याचे काम समाज कोणाच्या माथी मारतो हे मराठी वाचकाला उलगडून सांगावयास नको. हे काम त्याने तरुणपणापासून केले होते. हे हृदय, हे यकृत, हे पित्ताशय, असे तो दाखवीत गेला. आणि मग काही अवयवांकडे बोट करून त्याने सांगितले की यांची नावे मला ठाऊक नाहीत, पण आजवर जेवढी शरीरे उघडली त्या प्रत्येकात ही येथेच होती, आणि तुमच्यापूर्वी आलेल्या वैद्यांपैकी कोणीही यांविषयी विचारले नाही. वैद्यांनी हातातील चित्रे पाहिली: त्या अनामिक वस्तू तेथे तशाच रेखाटलेल्या होत्या, आणि त्यांच्याजवळ डच अक्षरांत काहीतरी लिहिले होते. एकाजवळ वस्तू होती, नाव नव्हते. दुसऱ्यांजवळ नाव होते, पण ते वाचता येत नव्हते. जपानातील पाश्चात्त्य विद्येचा आरंभ या दोन अज्ञानांच्या भेटीतून झाला असे म्हणण्यास हरकत नाही, आणि त्या भेटीत गुरुपदाला अधिक जवळ कोण होता हे ठरविणे मला तितकेसे कठीण वाटत नाही. त्या म्हाताऱ्याचे नाव सुगिताने नोंदलेले नाही. एका नातवाचा आजा, एवढीच त्याची ओळख.

चिनी ग्रंथांत फुप्फुसाला सहा पाळ्या आणि दोन कान, यकृताला डावीकडे तीन आणि उजवीकडे चार पाळ्या, असे वर्णन होते. समोरच्या देहात तसे काही नव्हते. वास्तविक सरकारी वैद्यांनी याआधीही विच्छेदने पाहिली होती आणि ग्रंथ व शरीर यांच्यातील हा विरोध त्यांच्याही नजरेस आला होता. परंतु चिनी माणसाची आणि जपानी माणसाची शरीररचना कदाचित भिन्न असेल, अशी तोड काढून त्यांनी गुरुपरंपरेची अब्रू राखली. हसू येते, पण हे केवळ तिकडचेच वैशिष्ट्य आहे असे समजण्याचे कारण नाही. गुरुवचन आणि प्रत्यक्ष यांची टक्कर झाली की प्रत्यक्षालाच जबानी बदलावयास लावणारे पंडित आपल्या घराण्यांतही होऊन गेले.

दुसऱ्याच दिवशी हे लोक माएनोच्या घरी जमले. त्यांनी ग्रंथाच्या आरंभापासून आरंभ केला नाही. उभ्या मनुष्याचे पुढून व मागून काढलेले संपूर्ण चित्र प्रथम घेतले, कारण डोके, खांदा, नाक ही तरी आपल्या परिचयाची आहेत. भुवई म्हणजे डोळ्यावर उगवलेले केस, एवढ्या अर्थाचे वाक्य लावण्यात वसंतातील एक लांबलचक दिवस गेला आणि तरीही संध्याकाळी ते पुरते लागलेले नव्हते. जो शब्द अडेल त्याच्यावर वर्तुळात फुली अशी खूण करावयाची व पुढे जावयाचे, असा त्यांचा शिरस्ता. प्रारंभी ही वर्तुळेच वर्तुळे होती. नाकाच्या वर्णनात अडलेल्या एका विशेषणाची हकिकत सुगिताने दिली आहे: माएनोच्या नागासाकीच्या टिपणवहीत तोच शब्द दोन ठिकाणी आढळला, एकदा तोडलेल्या फांदीच्या जागेविषयी, एकदा अंगण झाडून गोळा झालेल्या केराविषयी. तोडलेली जागा भरून येते ती फुगून, केर साचतो तो ढीग होऊन, आणि नाक तर चेहऱ्याच्या मध्यभागी उंच झालेले. म्हणजे हा शब्द उंचवट्याचा! त्या क्षणी झालेला आनंद अनेक नगरांच्या मोलाचे रत्न लाभल्यासारखा होता, अशा अर्थाचे काही तो लिहितो. नैयायिकांच्या आठ मार्गांत सिद्धपदसान्निध्य म्हणून एक मार्ग आहे, म्हणजे ज्ञात पदांच्या शेजारावरून अज्ञात पदाचा अर्थ ओळखणे; त्याचे याहून चांगले उदाहरण न्यायाच्या पाठ्यग्रंथांतही मला भेटलेले नाही. पुढे संशोधकांनी मूळ डच ग्रंथ तपासला तेव्हा नाकाच्या वर्णनात तो शब्दच नाही असे दिसून आले. सुगिताने या आठवणी १८१५ मध्ये, ऐंशी उलटल्यावर लिहिल्या. चाळीस वर्षांत शब्दाची जागा हलली असेल. आनंद मात्र स्मरणाने बनावट केला असेल असे मानावयास मी तयार नाही.

महिन्यातून सहासात बैठका, याप्रमाणे हे चालले. सव्वा-दीड वर्षाने दिवसाला दहा ओळी सरू लागल्या. अकरा वेळा मसुदा बदलून १७७४ मध्ये ‘काइताइ शिन्शो’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तोही विद्वानांच्या रिवाजाप्रमाणे अभिजात चिनी भाषेत. त्याच्या आदल्या वर्षी सरकारातून काही हरकत निघते काय हे अजमावण्यासाठी सुगिताने केवळ काही आकृत्या छापून पाहिल्या होत्या.

या मंडळींना गुरू होता की नव्हता? मनुष्यरूपाने नव्हता, हे उघड आहे. परंतु गुरूचे नेमके कार्य कोणते, याचा विचार केला तर उत्तर इतके सोपे राहत नाही. अर्थ सांगणे हे गुरूचे कार्य असेल तर ते टीकाग्रंथही करतो. प्रेरणा देणे हे असेल तर ती शत्रूकडूनही मिळते. जे अन्य कोणी करू शकत नाही असे गुरूचे एकच कार्य मला दिसते, ते म्हणजे नकार देणे: ‘हे नव्हे’ असे म्हणण्याचा अधिकार असणे, आणि शिष्याने तो अधिकार आपण होऊन त्याच्या हवाली केलेला असणे. गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके ठोकले तेव्हा इतर संत उगी राहिले आणि नामदेव चिडले; त्यांच्या भक्तीत उणे काही नव्हते, पण त्यांना ‘नाही’ म्हणणारा तोवर कोणी भेटला नव्हता, कारण देव तर त्यांचे सर्व ऐकत होता. एदोच्या वैद्यांना ‘नाही’ म्हणणारा होता. तो त्या वधस्थानी त्यांच्यासमोर उघडला गेला होता. वाक्याचा अर्थ चुकीचा लागला तर तो डोळ्यांनी पाहिलेल्या त्या शरीराशी जुळत नसे, आणि त्या शरीराची समजूत घालता येण्यासारखी नव्हती. शिवाय ते एकटे नव्हते. एकाची कल्पना दुसरा खोडून काढी. विद्येचा एक चतुर्थांश आचार्याकडून, एक स्वतःच्या बुद्धीने, एक सहाध्यायांकडून आणि एक कालांतराने मिळतो असा आपल्याकडे जुना हिशेब आहे. त्यांतला पहिला वाटा त्यांनी त्या देहाकडून वसूल केला, आणि बाकीचे तीन रीतसर घेतले.

येथे वनपर्वातील यवक्रीताची आठवण होते. भरद्वाजाच्या या पुत्राने, गुरूच्या घरी राहून वेद शिकण्यास फार काळ लागतो म्हणून, तपाच्या बळावर ते एकदम प्राप्त करून घेण्याचा घाट घातला. इंद्र वृद्ध ब्राह्मणाच्या वेषात गंगेकाठी आला आणि मुठीमुठीने वाळू प्रवाहात टाकू लागला. विचारता म्हणाला, लोकांच्या सोयीसाठी पूल बांधतो आहे. यवक्रीत हसला, आणि इंद्राने त्याचे हसू त्याच्याच पदरी घातले. तरीही त्याने हट्ट सोडला नाही, वर मिळविला, आणि अखेर त्या उपटसुंभ विद्येच्या गर्वाने नाश पावला. गुरूवाचून विद्या नको, असा या आख्यानाचा अर्थ सांगतात. मला तो अपुरा वाटतो. यवक्रीताच्या श्रमात कमतरता नव्हती; पण त्याचे सर्व श्रम स्वतःच्या देहावर होते, वेदाच्या एका मंत्रावरही नव्हते. तपाने तो इंद्राला नमवीत होता, आणि ज्याला नमविले त्याच्या तोंडून नकार कसा निघावा? उलट माएनो आणि सुगिता हे खरोखरीच मुठीमुठीने वाळू टाकणारे. त्यांच्या प्रत्येक मुठीला प्रवाह उत्तर देत होता.

मग सर्वच विद्यांत गुरू अनावश्यक ठरतो काय? तसेही नाही. सत्यकाम जाबालाला बैलाने, अग्नीने, हंसाने आणि मद्गू पक्ष्याने ब्रह्माचे चारही पाद सांगितले, आणि तो परत आला तेव्हा त्याचे मुख ब्रह्मवेत्त्यासारखे तेजाळलेले होते. तरीही त्याने गौतमापुढे नम्र होऊन, आचार्यांकडून जाणलेली विद्याच इष्ट स्थळी पोहोचविते असे मी ऐकले आहे, तेव्हा आपणच सांगावे, अशी विनंती केली. छांदोग्याचा हा ऋषी उगाच संकोच करीत नाही. ब्रह्म हे तपासणीसाठी समोर ठेवता येण्यासारखे द्रव्य नाही; आत्मविद्येत शिकणारा, शिकावयाचा विषय आणि परीक्षक ही तिन्ही पदे एकाच मनाकडे येतात, आणि मन हे स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश म्हणून किती भरवशाचे असते हे सर्वांस ठाऊक आहे. तेथे नकाराचा अधिकार बाहेरच्या कोणाकडे असल्यावाचून चालत नाही. आपल्या परंपरेचा गुरूविषयीचा आग्रह या एका विद्येपुरता मला सर्वस्वी मान्य आहे. तिने तो वैद्यकाला, शिल्पाला, ज्योतिषाला सरसकट लागू केला, जेथे विषय स्वतः साक्ष देण्यास उभा होता तेथेही त्याला बाहेर ताटकळत ठेवून गुरुवचनाचाच दाखला मागितला, हा तिचा अतिरेक; आणि त्याची किंमत आपण पुरेपूर मोजली.

भाषेचे स्थान या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडते. तिचा साक्षीदार म्हणजे ती बोलणारी माणसे. ती नसतील तर जो अर्थ आधीच माहीत आहे तो. एदोत जे काम त्या देहाने केले ते माझ्यापुरते भर्तृहरीच्या श्लोकांनी केले, असे म्हणता येईल. श्लोक पाठ आहे, म्हणून डच वाक्य कोठे जावयाचे हे ठाऊक आहे. ते तेथे गेले नाही की थांबावे लागते. पण थांबल्यावर कोणाचा पाय घसरला हे कळणे सोपे नाही. माझा असेल, रोजेरियसाचा असेल, पद्मनाभाने परक्याला सांगताना अर्थाला मुद्दाम मुरड घातली असेल, मधल्या पोर्तुगीजात काही सांडले असेल, किंवा कोरोमंडल किनाऱ्यावर, पुलिकतला, त्या काळी प्रचारात असलेला पाठच निराळा असेल. शरीराला पाठभेद नसतात. वैद्यांचे भाग्य मोठे. उच्चाराविषयी तर बोलणेच नको. माझी डच ही डोळ्यांची भाषा आहे, आणि कोणा डच माणसापुढे ती उच्चारण्याचा प्रसंग आल्यास काय होईल याची कल्पना मी करीत नाही.

‘काइताइ शिन्शो’ या ग्रंथावर माएनोचे नाव नाही. सर्वांत अधिक भाषा त्यालाच येत होती, काम त्याच्या घरी झाले होते. तरी अनुवादक म्हणून सुगिताचे आणि इतरांचे नाव आहे, त्याचे नाही. तेन्मांगूच्या देवस्थानी त्याने, ही विद्या मी कीर्तीसाठी शिकत नाही, असा संकल्प सोडला होता, असे एक कारण सांगतात. भाषांतर अद्याप सदोष आहे व असे पुढे करू नये असे त्याचे मत होते, असे दुसरे. दोन्ही एकाच स्वभावातून निघतात. सुगिता उलट प्रकृतीचा. तो नेहमी आजारी; तुमचे काम पुरे होईल तेव्हा मी गवताखाली पडून पाहत असेन असे म्हणे, आणि त्यावरून सोबत्यांनी त्याची थट्टा आरंभली होती. रुग्ण आज मरत आहेत, तेव्हा सदोष का होईना, ग्रंथ आज बाहेर पडला पाहिजे, हा त्याचा पक्ष. एकाला विद्या शुद्ध हवी होती, दुसऱ्याला ती चालती हवी होती. माझे मन माएनोकडे ओढते हे मी लपवीत नाही. परंतु सुगिता नसता तर आज माएनोची हकिकत कोणास ठाऊक झाली असती?

विद्येच्या फळाविषयीही या इतिहासात एक टोमणा आहे. माएनो ज्या नाकात्सू जहागिरीचा वैद्य होता तिच्याच एदोतील वाड्यात १८५८ मध्ये फुकुझावा युकिची या तरुणाने डच भाषेची शाळा काढली. ओसाकाला ओगाता कोआनच्या पाठशाळेत, एकुलत्या एका हस्तलिखित कोशाभोवती रात्री जागवीत तो ही भाषा शिकला होता. पुढच्याच वर्षी तो नव्याने उघडलेल्या योकोहामा बंदरात गेला, आणि दुकानांवरील एकही पाटी त्याला वाचता येईना. जग इंग्रजीत बोलत होते. त्याने खेद आवरला आणि इंग्रजीचा पहिला धडा उघडला. १८६९ मध्ये सुगिताच्या आठवणींचा ग्रंथ त्यानेच छापवून घेतला. तोपर्यंत डच विद्येचे बाजारातील मोल जवळजवळ शून्यावर आले होते.

सुगिता व माएनो यांच्या हाताखाली तयार झालेला ओत्सुकी गेन्ताकू हा त्यांच्या विद्येचा खरा वारस. त्याने आपले ‘गेन्ताकू’ हे नाव धारण केले ते एक अक्षर गेन्पाकूच्या नावातून आणि एक र्‍योताकूच्या नावातून घेऊन. नवशिक्यांना डच भाषेत प्रवेश करता यावा म्हणून त्याने लिहिलेली पायरी-पायरीची पुस्तिका १७८८ मध्ये निघाली, म्हणजे त्याच्यानंतर येणाऱ्यांना भुवईपाशी दिवस घालविण्याचे कारण उरले नाही. ‘काइताइ शिन्शो’त चुका राहून गेल्या आहेत हे सुगिताला माहीत होते, त्या दुरुस्त करण्याचे काम त्याने स्वतःच या शिष्यावर सोपविले. गेन्ताकूने गुरूंच्या ओळी एकेक करून मूळ डच ग्रंथाशी ताडून पाहिल्या, जेथे त्या टिकल्या नाहीत तेथे खोडल्या, त्यांनी गाळलेल्या टीपाही अनुवादिल्या, आणि ती सुधारलेली आवृत्ती १८२६ मध्ये, सुगिताला जाऊन नऊ वर्षे झाल्यावर, छापून झाली.